हस्ताच्या तोंडावर महाबळेश्वर

साशंक: सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घरची सगळी मंडळी घेऊन महाबळेश्वर आणि कास करायचं, हा तुमचा बेत मला पटत नाही. सोबत सत्तरी ओलांडलेली आई आहे, शाळेत जाणारी दोन मुलं आहेत. महाबळेश्वरचा पाऊस वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढचा, म्हणजे पुण्यात वर्षभर पडतो त्याच्या सातपट तरी. सप्टेंबर लागला म्हणून तो थांबत नाही, जरा दम खातो इतकंच. हवामान खात्यानं 2020 मध्ये मॉन्सूनच्या सरासरी तारखा नव्यानं ठरवल्या, त्यात मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख 8 ऑक्टोबर आली. आधी ती सप्टेंबरच्या अखेरीची होती. आपल्या आईवडिलांच्या वेळी ज्या आठवड्यात लोक ‘आता उघडलं, निघूया’ म्हणत, तो आठवडा आता पावसाच्याच खात्यात जमा झाला आहे. तरीही माणसं जुन्या आठवणीवर बेत आखतात, आणि मग खोलीच्या खिडकीतून धुकं बघत बसतात. पूर्वी तिथं दोनच सीझन मानत, एप्रिल ते जूनचा आरंभ आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबर. मधल्या काळात गाव जवळजवळ मिटून जायचं, घरांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधायचे. तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांनी जो काळ पाहुण्यांसाठी बाद ठरवला होता, तो आपण कशाच्या जोरावर चांगला म्हणायचा?

उत्सुक: बाद ठरवला तो मुख्यतः जून ते ऑगस्टचा काळ. उत्तरा नक्षत्र संपून हस्त लागायच्या सुमाराचं महाबळेश्वर निराळं असतं, कारण पावसाची जातच बदललेली असते. जुलैमध्ये अरबी समुद्रावरून येणारे वारे सलग, दिवसरात्र सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथंच रिते होतात. ढगांचा तळ कित्येकदा गावाच्याही खाली असतो. गाव आहे साडेतेराशे मीटरच्या आसपास, म्हणजे तुम्ही ढगाखाली नसता, ढगाच्या पोटात असता. तेव्हा आर्थर सीटवर उभं राहून सावित्रीचं खोरं बघायचं म्हटलं तर समोर पांढरा पडदा. सप्टेंबरच्या उत्तरार्धात तो पश्चिमेचा जोर ओसरतो. ढग वर उचलले जातात, मध्ये दोन-चार तासांची उघडीप मिळते, आणि त्या उघडिपीत जे दिसतं ते मे महिन्यातल्या पाहुण्याला कधीच दिसत नाही. दरी तळापर्यंत हिरवी असते, लिंगमळ्याचा धबधबा भरून वाहतो, हवेत धुळीचा कण नसतो. दुपारी पारा वीस-बावीसच्या आसपास. खाली पुण्या-मुंबईत ऑक्टोबरची तलखी सुरू व्हायला आलेली असते, तेव्हा वर स्वेटर बाहेर निघतो. आईला उन्हाचा त्रास होतो, म्हणून मे महिन्यात तिला कुठंच नेता येत नाही. तिच्यासाठी हाच काळ बरा.

साशंक: पावसाची जात बदलते हे खरं, पण ती बदलून काय होते तेही बोला. पश्चिमेची सलग झड संपली की दुपारी तापून उठणारे ढग येतात, गडगडाट घेऊन. हस्ताचा पाऊस विजेचा. हादग्याच्या पाटावर मुली हत्ती काढतात तो याच नक्षत्राचा, आणि शेतकऱ्याला हा पाऊस रब्बीच्या ओलीसाठी हवा असतो, हेही मी मानतो. पण कासचं पठार म्हणजे बाराशे मीटर उंचीवरचा उघडा जांभा. तिथं झाड नाही, आडोसा नाही, आजूबाजूच्या परिसरात सर्वांत उंच वस्तू कोण, तर तुम्ही आणि तुमची छत्री. जुलैच्या पावसात माणूस भिजतो, गारठतो, फार तर कंटाळतो. सप्टेंबरअखेरच्या पावसात वीज असते. सत्तरीच्या बाईला घेऊन वाहनापासून दीड-दोन किलोमीटर आत गेलात आणि ढग जमले, तर धावत परत येणार का तुम्ही? शिवाय घाट आहेत. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, आंबेनळी घाटातला रस्ता ठिकठिकाणी दरीत गेला. तो जुलै होता, मान्य. पण तीन महिने पाणी मुरलेला डोंगर सप्टेंबरमध्येही तोच असतो. थोड्या पावसानंही दरड येते, कारण माती आधीच तृप्त असते.

उत्सुक: विजेचं तुम्ही बोललात ते मी बेतात धरूनच चाललो आहे, कारण त्या ढगांना वेळापत्रक असतं. ते सकाळच्या उन्हानं तापतात आणि दुपारनंतर फुटतात. कासला सकाळी साडेसात-आठला पोचायचं, अकरापर्यंत पाय मागे घ्यायचे, दुपार साताऱ्यात काढायची. नाहीतरी तिथली पुष्कळ फुलं सकाळच्या उन्हातच नीट उघडतात. घाटांचंही तसंच. वाईवरून पसरणी घाटानं जायचं. पूर्वेची बाजू असल्यानं तिथं पाऊस कमी, आंबेनळीच्या वाटेला आम्ही जाणारच नाही. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. महाबळेश्वर ते पाचगणी अंतर वीस किलोमीटरही नाही, पण पाऊस निम्म्याहून कमी होतो. वाई तर सरळ पर्जन्यछायेत. म्हणजे पश्चिमेकडच्या पॉइंटवर धुकं बसलं तर हताश व्हायचं कारण नाही. अर्ध्या-पाऊण तासात पाचगणीच्या टेबललँडवर निळं आभाळ मिळण्याची बरीच शक्यता असते. सगळा मुक्काम महाबळेश्वरात बांधून ठेवणाऱ्यालाच तिथला पाऊस छळतो. मुक्काम वाईत किंवा पाचगणीत ठेवून सकाळी आभाळ बघून वर जायचं ठरवलं, तर याच आठवड्यासारखा दुसरा आठवडा नाही.

साशंक: ‘सकाळी आभाळ बघून’ हे शब्द फार सहज उच्चारलेत तुम्ही. आभाळ बघून निर्णय घेण्याची सोय कोणाला असते? ज्याच्या हातात रजा आहे, स्वतःचं वाहन आहे, आणि एक दिवस वाया गेला तर दुसरा आहे, त्याला. मुलांची सहामाही परीक्षा याच सुमाराला असते. शाळेला दिवाळीची सुट्टी लागते तोवर पठारावरची फुलं वाळून गेलेली असतात, दऱ्यांचा हिरवा रंग उतरायला लागतो. म्हणजे नोकरदार घराला मिळतात ते शनिवार-रविवार, फार तर 2 ऑक्टोबरला जोडून आलेली सुट्टी. आणि त्या दिवशी कासच्या वाटेवर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटरचा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना गाड्या आणि पठारावर फुलांपेक्षा माणसांचे रंग जास्त. तुम्ही हवामानाचा हिशेब मांडता. पण या आठवड्याचा खरा प्रश्न हवामानाचा राहिलेलाच नाही, तो गर्दीचा झाला आहे. पाऊस, उघडीप, फुलं, थंडी हे सगळं दोन-तीन आठवड्यांत एकत्र येतं, आणि त्याच दोन-तीन आठवड्यांत सगळा महाराष्ट्र तिथं यायला निघतो.

उत्सुक: म्हणून तर मंगळवार किंवा बुधवार बघायचा. मुलांची दोन दिवसांची शाळा बुडेल. बुडू दे. वायतुरा नावाचं एक फूल आहे, पावसाच्या डबक्यात उगवतं. त्याच्या एका देठाला दोन फाटे फुटतात आणि दोन्हींवर फुलांचे तुरे असतात. सातारा जिल्ह्यावरूनच त्याचं शास्त्रीय नाव पडलं आहे, आणि सह्याद्रीच्या अशा पठारांबाहेर ते सापडत नाही. सीतेची आसवं म्हणून जी जांभळी-निळी चादर लोक फोटोत काढतात, ती कीटकभक्षी वनस्पती आहे. जांभ्यावरच्या वीतभर मातीत नत्र जवळजवळ नसतंच, म्हणून तिच्या मुळांसारख्या तंतूंवर बारीक फुगे असतात आणि ते पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात. दवबिंदूची पानं चिकट थेंबांनी किडे धरतात. माती पातळ, खाली खडक, पाणी मुरायला जागा नाही, म्हणून पावसाळ्यात दलदल आणि नोव्हेंबरात वाळवंट. एवढ्या अडचणीच्या जागी साडेआठशेच्या आसपास जातींच्या सपुष्प वनस्पतींनी आपापला आठवडा वाटून घेतला आहे. ऑगस्टच्या अखेरीस गेंदाचे पांढरे ठिपके, मग तेरड्याचा गुलाबी, मग सोनकीचा पिवळा. पाणी आटत जातं तसा रंग बदलतो. हे मुलांना पुस्तकातून कळणार नाही. पश्चिम घाटाला 2012 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात कास आहे. कास दोन तास बघून मुलांना जे कळेल, ते पुढं त्यांच्या कामाला येईल, निदान रस्ता रुंदीकरणासाठी पठार खोदायला निघाल्याची बातमी वाचताना तरी.

साशंक: तुम्ही फुलांवर बोलायला लागलात की मला विरोध करावासा वाटत नाही, हे मोकळेपणानं सांगतो. पण माझी शंका आता तिथंच जाऊन पोचते. हा आठवडा आपल्याला सोयीचा का? कारण पाऊस कमी झाला, ऊन पडलं, चालता येतं. हाच आठवडा त्या वनस्पतींनाही का लागतो? नेमकं तेच कारण. पाऊस कमी झाल्याशिवाय मधमाशी, फुलपाखरू, माशी बाहेर पडत नाही. ऊन पडल्याशिवाय फूल उघडत नाही. परागीभवन व्हायचं, बी धरायचं आणि माती सुकायच्या आत ते टाकून मोकळं व्हायचं, एवढं सगळं या तीनेक आठवड्यांत. वर्षायू रोप बी टाकून मरतं. त्याला पुढच्या वर्षीची दुसरी संधी नसते. टोपली कारवी तर सात वर्षं थांबून एकदा फुलते. त्या आठवड्यात फोटोसाठी एक पाऊल बाजूला टाकणाऱ्याला वाटतं, गवतावर पाऊल पडलं. प्रत्यक्षात तळव्याखाली दवबिंदूच्या पाच-पंचवीस रोपांचं वर्षाचं काम संपतं. तुम्ही जपून चालाल. मागचे हजारभर लोक? मला विचाराल तर सप्टेंबरअखेर हा माणसासाठी उत्तम काळ आहे आणि म्हणूनच जागेसाठी वाईट.

उत्सुक: मग कोणी जाऊच नये?

साशंक: तसं मी म्हणालो नाही. पण ‘योग्य काळ’ ठरवताना फक्त प्रवाशाची सोय का धरायची, एवढं विचारतो. महाबळेश्वरातही हेच आहे. याच दिवसांत तिथला शेतकरी स्ट्रॉबेरीची रोपं वाफ्यावर लावत असतो. देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी या महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यातली, आणि तिची लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरमधली. धबधबा भरून वाहतो म्हणून आपण ज्या पावसाचं कौतुक करतो, तोच अवेळी कोसळला तर रोप कुजतं. आपण तिथं स्ट्रॉबेरी मागायला जातो, तेव्हा ती जमिनीत नुकती कुठं रुजत असते. यात कोणाचा दोष नाही. पण ज्या काळाला आपण सुट्टी म्हणतो तो तिथल्या माणसांच्या धावपळीचा काळ आहे, हे मनात असायला हवं.

उत्सुक: ते मनात ठेवूनच मी उलटं म्हणेन. आपण गेलो नाही तर पठार वाचेल, हे तुम्ही गृहीत धरलंत. ठोसेघरच्या पलीकडं चाळकेवाडीचं पठार आहे. तिथंही जांभा आहे, तिथंही अशीच फुलं येतात. पण ते बघायला कोणी जात नव्हतं, आणि तिथं पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी रस्ते निघाले. वीज हवी, पवनचक्कीला माझा विरोध नाही. पण जिथं बघणारं कोणी नव्हतं तिथं विचारणारंही कोणी नव्हतं. कासला आज वन विभागाबरोबर आसपासच्या गावांच्या समित्या व्यवस्था बघतात, शुल्काचा पैसा येतो, गावातली मुलं-मुली वाटाडे म्हणून उभी राहतात आणि बाहेरून आलेल्या माणसाला ‘ताई, वाटेवरून चला’ असं ठणकावून सांगतात. हा रोजगार महिन्या-दीड महिन्याचाच, पण त्यामुळं पठार जपण्यात गावाचा स्वतःचा फायदा आहे. आणि माणसाच्या वावराचा प्रश्न तुम्ही मांडता तितका एकपदरी नाही. पठाराला कुंपण घातलं, गुरांची ये-जा थांबली, तेव्हा गवत माजून फुलं कमी झाल्याची तक्रार झाली आणि कुंपण काढण्याची वेळ आली. गुरांचे खूर शेकडो वर्षं तिथं पडतच होते.

साशंक: गुरांचे खूर आणि पर्यटकांचे बूट एका तराजूत घालू नका. गुरं चरतात, उंच वाढणारं गवत खाली आणतात, शेण टाकतात. आपण जे तिथं टाकून येतो त्याचं खत होत नाही. पण गावाच्या फायद्याचा मुद्दा मला खोडता येत नाही. पाहुणे एकदम तुटले तर ती मुलं साताऱ्याच्या नाहीतर शिरवळच्या कारखान्यांकडं जातील आणि पठाराकडं लक्ष द्यायला कोणी उरणार नाही. मग प्रश्न संख्येवर येतो. समितीनं दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली, आधी नोंदणी करून यायला सांगितलं. हे मला योग्य वाटतं.

उत्सुक: मलाही वाटतं. आणि इथंच मी थोडा अडतो, ते सांगून टाकतो. इतका वेळ मी म्हणत होतो की सकाळी आभाळ बघून ठरवायचं, धुकं असेल तर पाचगणीला वळायचं, वीज असेल तर जायचंच नाही. पण कासची नोंदणी तारखेची असते. मंगळवारची जागा मिळाली तर मंगळवारीच जायला हवं. आणि मंगळवारी ढगफुटी झाली तर ती जागा गेली, बुधवारी दुसऱ्याची आहे. म्हणजे पठार वाचवण्यासाठी जो नियम आपण दोघांनी आत्ता मान्य केला, तोच नियम मला आभाळाकडं न बघता तारीख धरायला लावतो. आणि एकदा तारीख धरली, पैसे भरले, मुलांना सांगितलं, की ढग जमलेले दिसत असूनही माणूस म्हणतो, ‘जाऊ या, बघू काय होतं ते.’ धोका तिथून सुरू होतो.

साशंक: माझ्या मनात जे धूसर होतं ते तुम्ही नेमकं बोललात. सप्टेंबर चांगला की वाईट, यावर आपण इतका वेळ घालवला, पण महिना वाईट नाही. त्याला जी लवचीकता लागते ती आपल्या राहणीत उरलेली नाही. पूर्वी माणूस नातलगाकडं जाऊन दहा-पंधरा दिवस राहायचा आणि त्यातला उघडा दिवस वर जायला निवडायचा. त्याला सरासरी तारखांची गरज नव्हती. आपण तीन दिवसांत पाच पॉइंट, दोन धबधबे आणि एक पठार बसवतो. असा घट्ट बांधलेला बेत डिसेंबरात चालतो, कारण तेव्हा आभाळ शब्द पाळतं. ऋतू कूस बदलत असताना तो चालणार नाही. म्हणून मी अजूनही म्हणेन, आईला नोव्हेंबरात न्या. हवा कोरडी, रस्ते सुरक्षित, दरी स्वच्छ दिसते.

उत्सुक: आणि फुलं?

साशंक: फुलं नसतील.

उत्सुक: मग आईला तिथं काय दाखवू? ती वाईजवळच्या खेड्यात वाढली. लहानपणी पाऊस उघडला की बायकांबरोबर डोंगरावर जायची, कवल्याची, तेरड्याची फुलं आणायची. कास हे नावही तेव्हा कोणी घेत नव्हतं, तो डोंगर होता फक्त. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या गुडघ्यानं सूट द्यायचं बंद केलं आहे. पुढच्या वर्षी ती दोन किलोमीटर चालू शकेल की नाही, मला ठाऊक नाही. तुम्ही नोव्हेंबर म्हणता तेव्हा सुरक्षिततेचा हिशेब बरोबर असतो, पण तिच्याकडं मोजकेच सप्टेंबर शिल्लक आहेत, हे त्यात येत नाही.

साशंक: ते मात्र माझ्या हिशेबात नव्हतं. पण मग दोन किलोमीटरचा आग्रह सोडा. कासवरून पुढं बामणोलीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेलाही सोनकी असते. गाडी सुरक्षित जागी थांबवायची, दार उघडायचं, तिला बसल्या जागी दिसेल. नोंदणीची, गर्दीची, विजेत अडकण्याची भीती कमी. मुलांना पठारावर एकट्यांना वाटाड्याबरोबर पाठवा, ढग आले तर ती धावत येऊ शकतात.

उत्सुक: आणि आई रस्त्याच्या कडेला गाडीत बसून नातवंडांची वाट बघेल? तिनंच तर त्यांना फुलांची नावं सांगायची. वाटाड्याला शास्त्रीय नावं येतील, तिला घरातली येतात. ती दोन्ही एकत्र ऐकायला मिळावीत म्हणून तर हा सगळा खटाटोप.

साशंक: तर मग निर्णय हवामानावरही नाही आणि माझ्या-तुमच्यावरही नाही. आईंना विचारलंत का?

उत्सुक: विचारलं. ती म्हणाली, ‘पाऊस असला तर असू दे, मी काय साखरेची आहे का?’

साशंक: हे त्यांनी स्वतःपुरतं सांगितलं. वीज कडाडली आणि मुलं पठाराच्या मध्यावर असली, तर त्या काय म्हणतील?

उत्सुक: ते तिला विचारलेलं नाही. मंगळवारची नोंदणी करायची की बुधवारची, एवढाच विचार करत होतो. आज रात्री तिच्याजवळ बसून दोन्ही विचारतो. परत फिरायचं ठरलं तर ती मुलांच्या आधी वळेल याची मला खात्री आहे. मी वळेन का, ते मात्र अजून सांगता येत नाही.